चक्रवाकांचा काठ

फाल्गुन उतरला तो पांढऱ्या उन्हाचा, विटल्या आभाळाचा, ओसरत्या पाण्याचा. धरणाचा फुगवटा मागे मागे सरत होता आणि उघड्या पडलेल्या गाळावर केशरकांती, सुवर्णपंखी चक्रवाक चरत होते. परतीची ओढ त्यांच्या पंखांत आताशा थरथरू लागली होती.

काठावरच्या काळ्या खडकावर सगुणाबाई बसली होती, ताठ. शेजारी नात मैथिली. हा खडक हीच त्यांची शाळा.

सून देवाघरी गेली, मुलगा नोकरीपायी पुण्याला राहिला, आणि सगुणाबाईनं पोरीला शाळेतून काढून घरी बसवलं. "तिथं पोपट होतात," तिनं गावाला सुनावलं, "मला माणूस घडवायचाय." स्वतः दुसरीतच पाटी ठेवलेली. पण सुनेची पुस्तकं होती. पोर वाचायची, आजी ऐकायची. मग पुस्तक मिटून पोरीनं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आणि सांजेला, खडकावर, एकच नेम: पाहिलं तेवढंच सांगायचं. वर मीठमसाला नको.

थंडीत आजीनं गोष्ट सांगितली होती. शापित चक्रवाकाची जोडी रात्र पडली की दोन काठांवर विलगते, विरहानं रात्रभर साद घालते. मैथिली कितीतरी सांजा इथं निश्चल बसली. मग म्हणाली, "आजी, ती दोघं एकाच काठावर असतात. मी बघितलं."

सगुणाबाईच्या उरात आभाळ मावेना. "मग गोष्ट खोटी, तू खरी."

आज मुलगा आला होता, भागवत. मोटार बाभळीखाली उभी.

"आई, हिला पुण्याला नेतो. चारचौघींत वाढू दे."

"चारचौघींत मेंढरं वाढतात." सगुणाबाईनं पाण्यावरची नजर काढली नाही. जिंकलेला डाव मुठीत धरल्यासारखी ती म्हणाली, "तिलाच विचार की. माझी पोर खोटं बोलत नाही."

मैथिलीनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं आजीकडे पाहिलं, पाखराकडे पाहावं तसं, श्वास रोखून, पापणी न लववता.

"मला जायचंय, आजी. इथं पाखरं आहेत, तू आहेस. पण मला मैत्रीण नाही."

वारा थबकला. पाण्यावरचं ऊन एकाएकी जुनं झालं, पिवळं झालं.

भागवतच वरमला. "राहू दे, आई. लहान आहे. उद्या बदलेल."

"का बदलेल? मी शिकवलंय तिला."

एक हुंदका, नुसता एक हुंदका, आणि पोर पुन्हा कुशीत आली असती. सगुणाबाईनं तो गिळला. कडू, खारट, काटेरी, पण गिळला.

"जा, बाळ. तुझे कपडे भर."

मोटारीची धूळ उठली, सोनेरी झाली, बसली. मग गाळावरचा थवा उठला. कांस्यस्वरांनी आभाळ भरलं, रितं झालं. केशराची एक रेघ उत्तरेकडे ओढली गेली, पुसली गेली.

सगुणाबाई खडकावरच होती. सवयीनं तोंडून निघालं, "काय पाहिलंस?"

शेजारचा दगड अजून उबदार होता.

मग तीच बोलली, सावकाश, नेमानं. "पाणी होतं. गाळ होता. पलीकडं काठ होता." जरा थांबून म्हणाली, "अलीकडं काठ होता."

पाहिलं तेवढंच.

आणि दोन काठांच्या मध्ये रात्र भरत गेली, काळी, गार, काठोकाठ.