विनता दर शनिवारी दिसते

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची मला आवड आहे आणि ती मी कधी लपवली नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या जमान्यात अर्ध्या जबलपूरची भांडणं, सोयरिकी आणि आजारपणं माझ्या कानावरून गेली. त्यामुळे टीव्हीवर ‘अंदर आइए’ सुरू झालं तेव्हा मी ते बघितलं असतंच. सिनेमातला तो दीवान, त्याची बायको, दोन मुलगे, दोन सुना आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, जिला सगळे बीजी म्हणतात. त्यांच्या मुंबईच्या बंगल्यात जागोजागी कॅमेरे लावलेले. घडत काहीच नाही. कोणाचा शिरा करपतो, कोणी रुसून खोलीत जाऊन बसतं. पण एवढं वैभव असून यांच्याकडेही लोणच्याच्या बरणीवरून धुसफूस होते, हे पाहून जिवाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि त्या घरात तर आमचं माणूस होतं. विनता, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आधी सिहोऱ्याला आणि मग जबलपुरात मिळून तीस वर्षं नर्स होती. गेल्या दिवाळीनंतर बीजींच्या देखभालीसाठी ती दीवानांकडे राहायला गेली. तिथले नियम कडक. घरातलं बाहेर बोलणार नाही असं लिहून घेतलेलं, फोन त्यांच्या ऑफिसात जमा, रविवारी दुपारी पाच मिनिटं काय तो हातात मिळायचा.

एप्रिलपासून दर शनिवारी संध्याकाळी आठ वाजता आमचा हॉल भरायला लागला. समोरच्या शरयूताई, मंडळाच्या पद्मजाबाई, त्यांच्या नणंदा-जावा. मी खोव्याची जलेबी मागवून ठेवायची. दीवानाकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. सगळ्यांचे डोळे पडद्याच्या कडेला, बीजींच्या चाकाच्या खुर्चीमागे. पांढरी बाही दिसली, वेणीचं टोक दिसलं, की जिला आधी दिसलं तिला पहिली जलेबी. फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे यजमान शशिकांत, ज्यांनी वीस वर्षांत विनताची कधी विचारपूस केली नव्हती, तेही पेपर बाजूला ठेवून ‘उजव्या कोपऱ्यात बघा’ म्हणायचे. चैत्राच्या हळदीकुंकवाला अनोळखी बायका मला शोधत आल्या. थोरली सून खरंच इतकी खाष्ट आहे का, असं विचारत होत्या. मला काही माहीत नव्हतं, तरी मी मीठमसाला लावून सांगितलं. फार छान वाटलं होतं तेव्हा. आज त्याची लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी विनताचा फोन आला. आवाज दबका होता.

“ताई, बीजी दिवसदिवसभर झोपूनच राहिली आहे. मी तर झोपेचं औषध दिलंच नाही. मग काहून झोपते? मी काल विचारलं तर—”

मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. शरयूताई शेजारीच बसल्या होत्या आणि आम्हा दोघींना एकच चिंता होती. मी विचारलं, धाकटी सून खरंच माहेरी निघून जाणार आहे की पुढच्या भागात परत येईल? विनता थोडा वेळ बोलली नाही. मग “ठेवते ताई” म्हणाली. नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडच्या घरात मयत झालंय की बारसं आहे हे ओळखणारी मी, सख्ख्या बहिणीचं ते गप्प होणं मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर फोन बंद झाले आणि मेसेज येऊ लागले. ‘मैं ठीक हूँ दीदी। शूटिंग चल रही है।’ विनता मला ताई म्हणते आणि मराठीत लिहिते. पण आम्ही जबलपूरची माणसं, पिठात मीठ तशी आमच्या बोलण्यात हिंदी असतेच. मी सोडून दिलं. मे महिन्यात माझी मुलगी अपूर्वा, जी बँकेत आहे, तिने विचारलं, मावशीचा आवाज शेवटचा कधी ऐकलास? मी तिच्यावरच उखडले.

मग जूनच्या शेवटच्या शनिवारी तेरावा भाग लागला. बीजींचा वाढदिवस होता आणि विनता त्यांना चमच्याने शिरा भरवत होती. आजवर कडेला दिसणारा तिचा हात पहिल्यांदाच पडद्याच्या मधोमध, अगदी जवळून दिसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या होत्या. एकीला दाराच्या कडीचा पोचा आलेला. त्या आमच्या आईच्या पाटल्या होत्या, विनता मुंबईला निघाली तेव्हा आईने तिच्या हातात घातलेल्या.

आणि त्या तर माझ्या कपाटात होत्या.

आमची आई, विभावरीबाई, फेब्रुवारीत गेली. विनता आली, ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडल्या, तेरावं झालं. निघायच्या दिवशी ती न्हाणीत नळाखाली साबण लावून पाटल्या उतरवत बसली. मनगट लालबुंद झालं होतं. रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “त्या घरात आता अंगावर काही ठेवायला नको, ताई.” काहून नको, हे मी विचारलं नाही. आईच्या दुःखात होते, असं मी स्वतःला सांगते.

मी उठून आत गेले, कपाट उघडलं, रुमाल सोडला. पाटल्या जिथल्या तिथे होत्या. बाहेर टीव्हीवर त्याच पाटल्या वाजत होत्या आणि बीजी हसत होत्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे सगळं फेब्रुवारीच्या आधीचं होतं. तेरा शनिवार मी थंडीतली विनता बघत होते आणि ती उन्हाळ्यात सुखरूप आहे असं समजत होते. बायकांना मी घरी जायला सांगितलं. पद्मजाबाईंना राग आला, येऊ दे.

सोमवारी अपूर्वाने कुठून कुठून नंबर मिळवून दीवानांच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर एका मुलाचा फार गोड आवाज आला. विनताजी? त्या तर एप्रिलमध्येच काम सोडून गेल्या. कुठे गेल्या, माहीत नाही. फोन त्या सोबत घेऊन गेल्या. मी म्हटलं, गुरुवारी तिचा मेसेज आला, त्यात शूटिंग सुरू आहे असं लिहिलंय. तो म्हणाला, एक मिनट मॅडम. मग गाणं वाजलं आणि फोन कटला. पुन्हा लावला तर कोणी उचलेना.

मी विनताच्या नंबरला फोन केला. बंद. मग अपूर्वाला न सांगता मराठीत मेसेज लिहिला, ‘आईच्या पाटल्या कुठे ठेवल्या गं?’

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘मेरे पास ही हैं दीदी। पहनी हुई हूँ। टीवी पर देखा नहीं?’

मी ते वाचलं आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. माझ्या बहिणीचा फोन घेऊन कोणीतरी बसलं होतं, आणि त्या माणसालाही विनता आमच्यासारखी टीव्हीवरूनच माहीत होती. माझा मराठी मेसेज त्याने कोणाकडून तरी समजून घेतला असेल, मग शनिवारचा भाग आठवला असेल. मला त्या माणसाची भीती वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली विनताच्या जिवाची.

त्याच दुपारी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणेदार चाळिशीचा, बोलायला सभ्य, त्याने चहा मागवला. अपूर्वाने तारीखवार सगळं सांगितलं. मी पाटल्या टेबलावर ठेवल्या, मेसेज दाखवला, विनताचा फोटो पुढे केला. फोटो पाहताच त्याचा चेहरा खुलला.

“अरे, ये तो बीजी वाली सिस्टर हैं। हमारी मिसेज एक एपिसोड नहीं छोड़तीं।”

त्याने शिपायाला बोलावून फोटो दाखवला. शिपायानेही ओळखला. मग ठाणेदार माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, “माताजी, गुमशुदा कैसे लिखें? परसों तो हमने खुद देखा है इनको।”

ते शूटिंग जुनं आहे, हे अपूर्वाने त्याला दोनदा समजावलं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली. मेसेज वाचून म्हणाला, यात तर त्या ठीक आहेत असंच लिहिलंय. मग पाटल्या बोटाने सरकवत विचारलं, बहिणी-बहिणींत सोन्यावरून काही वाद आहे का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला सांगितलं की वाद असता तर मी सोनं घेऊन गप्प घरी बसले असते, तुमच्या दारात कशाला आले असते. अपूर्वाने माझा हात दाबला.

आमच्या समाधानासाठी म्हणून त्याने शेवटी फॉर्म काढला. तक्रार करणारी हेमलता, नातं बहीण. जिच्याबद्दल तक्रार ती विनता, वय चौपन्न, उंची, रंग. मग त्याने विचारलं, शेवटचं कधी पाहिलं होतं? मी सांगितलं, फेब्रुवारीत, जबलपूर स्टेशनवर, मुंबईच्या गाडीच्या खिडकीत. तो ऐकत होता आणि लिहीत होता. मी चष्मा लावून वाकून बघितलं. त्याने शनिवारची तारीख लिहिली होती, वेळ आठ वाजता.

मी ते खोडायला सांगितलं. त्याने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, “झूठ कैसे लिख दूँ माताजी? पूरा शहर गवाह है।”

परत येताना ऑटोत अपूर्वा फोनवर काहीतरी शोधत होती. जबलपुरातल्याच गोरखपूर बाजाराच्या गर्दीत ऑटो थांबली तेव्हा तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, टोटल चोवीस एपिसोड आहेत. सगळे शूट होऊन गेले आहेत.”

म्हणजे अजून अकरा. गणपतीपर्यंत विनता दर शनिवारी घराघरांत दिसणार, आणि तोवर तिला कोणी शोधायला जाणार नाही.