एकतीस मतांचा फरक

उस्माननं मतदारयादीवर स्टीलची पट्टी टेकवली आणि पट्टीच्या वरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"अनुक्रमांक सत्तेचाळीस. ओवेस दाऊद माजगावकर. मत दिलं."

समोरच्या कॉटवर पाय सोडून बसलेला ओवेस हसला. "कधी दिलं? त्या रविवारी मी ओव्हरटाइमला होतो."

"ते मला माहीत आहे. तुझी हजेरी मीच लावली. पण इथे तुझ्या नावापुढे खूण आहे." पट्टी एक ओळ खाली सरकली. "अठ्ठेचाळीस. हमीदा इब्राहिम माजगावकर. तुझी आजी. तिनंही दिलं."

आता खोलीतले सगळेच हसले. ओवेसची आजी चार वर्षांपूर्वी वारली होती.

"शेवटी शेवटी तिला ओटा उतरवत नव्हता हो," ओवेस म्हणाला. "शाळेपर्यंत कोण घेऊन गेलं तिला?"

जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून पेडखाडीची माणसं ओमानमधल्या रुसैलच्या कंपनी क्वार्टर्समधल्या त्या खोलीत जमली होती. कुणी त्याच फॅक्टरीतलं, कुणी अल खौदच्या दुकानांतलं, दोघं तर सोहारहून आलेले. रत्नागिरीच्या खाडीकाठचं त्यांचं गाव, गावातला त्यांचा मोहल्ला, म्हणजे वॉर्ड क्रमांक तीन. मागच्या रविवारी तिथे ग्रामपंचायतीचं मतदान झालं होतं आणि खुणा केलेल्या मतदारयादीची झेरॉक्स कुणाच्या तरी सामानातून इथवर पोचली होती.

उस्मान मुकादम अॅल्युमिनियमच्या फॅक्टरीत टाईमकीपर होता. सतरा वर्षं इतरांच्या हजेऱ्या मांडून त्याचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. उशिरा येणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी खोटारडा, आजारी पडणारा आळशी, आणि पेडखाडीत राहिलेला प्रत्येक माणूस बिनकामाचा. गावाचं नाव निघालं की त्याच्या ओठाचा एक कोपरा खाली जाई. तसा तो आताही गेला होता.

"चारशे बारा मतदार," त्यानं आकडे वाचले. "मतं पडली चारशे तीन. मोहल्ल्यातले शहाऐंशी पुरुष गल्फमध्ये आणि मतदान जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के! दुनियेत कुठे होत नाही असं. मजीद बोरकरला दोनशे सतरा, रईसाबाईंना एकशे शहाऐंशी. फरक एकतीसचा."

मजीद ठेकेदार होता. दोन वेळा निवडून आला होता आणि दोन्ही वेळा नळाची पाइपलाइन त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. रईसा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उरलेल्या ऐंशी घरांना पाणी हवं, एवढी एकच गोष्ट बोलून त्या उभ्या राहिल्या होत्या. खोलीतल्या निम्म्या माणसांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती.

हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उस्मानला फोन केला. वकील म्हणतो, पंधरा दिवसांच्या आत कोर्टात अर्ज टाकायचा. फरकापेक्षा एक जरी जास्त मत खोटं दाखवता आलं, तर निवडणूक रद्द होऊ शकते. बत्तीस माणसांनी लिहून द्यायचं, की मी त्या दिवशी ओमानमध्ये होतो, मी मत दिलेलं नाही. सोबत पासपोर्टच्या पानांची झेरॉक्स. ओवेस पुढच्या शुक्रवारी रजेवर चालला होता. त्याच्याबरोबर कागद पाठवायचे.

"बत्तीस," उस्मान म्हणाला. "शहाऐंशीतले बत्तीस खरे निघतात का बघू."

पहिला कागद त्यानं स्वतःचा केला. घोटीव अक्षरात लिहिला, खाली सही ठोकली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

पुढचे सहा दिवस तो ड्युटी सुटल्यावर खोल्याखोल्यांतून फिरला. त्या महिन्यात ओमानी लोकांच्याही मजलिसची, म्हणजे तिथल्या सल्लागार सभेची, निवडणूक होती. अल खौदच्या रस्त्यावर पांढऱ्या दाढ्यांची आणि करड्या फेट्यांची पोस्टरं लागली होती. टॅक्सीवाला त्याला कौतुकानं सांगत होता, की यंदा पहिल्यांदाच त्याच्या आईला, बहिणीला, सगळ्यांना मत आहे. उस्माननं त्याला विचारलं, "तुझ्या मेलेल्या आजीला आहे का?" टॅक्सीवाल्याला गंमत कळली नाही.

सह्या मिळत होत्या, पण दात उपटल्यासारख्या. एक म्हणाला, माझ्या भावाला मजीदच्या कामावर रोजगार आहे. दुसरा म्हणाला, घरपट्टीचा कागद त्याच्याच हातात अडकलाय. तिसऱ्यानं संडासात जाऊन कडी लावली आणि अर्धा तास बाहेर आला नाही. उस्मान कुणालाच सोडत नव्हता. "पाणी भरून तुझ्या बायकोची कंबर मोडली, तू इथे एसीत बस," असं तो चारचौघांत म्हणे आणि सही घेऊनच उठे.

यासिरची सही राहिली होती. यासिर पावडर कोटिंगच्या लाइनवर होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा, बोलायला हळू. मेसमध्ये आठदहा माणसं जेवत असताना उस्माननं त्याच्यासमोर कागद ठेवला.

"उस्मानभाई, माझ्या नावावर माझ्या धाकट्यानंच टाकलंय," यासिर हलक्या आवाजात म्हणाला. "मजीदची पोरं घेऊन गेली त्याला. रजिस्टरवर त्याची सही हाय. मी लिहून दिलं तर पोलीस त्यालाच धरतील. पासपोर्टचा फॉर्म भरलाय त्यानं, चौकशी यायचीय."

"मग धरू दे की."

"एकोणीस वर्षांचा हाय तो."

"एकोणीस वर्षांचा म्हणजे घोडा झाला." उस्माननं आवाज मुद्दाम वर चढवला. "अशीच पोरं वाढवता तुम्ही लोक. चोरी करायला मोठा, भोगायला लहान. एक रात्र ठाण्यात काढली की अक्कल येईल. आणि तू? तुझी आई डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर जाते, आणि तू चोराला पाठीशी घालतोस. लाज वाटत नाही?"

जेवणारी माणसं ताटात बघत राहिली. यासिर उठला. बेसिनवर जाऊन त्यानं हात धुतले, नखांतली पावडर जाईना म्हणून पुन्हा साबण लावून धुतले. मग शर्टाला हात पुसून आला आणि कागदाला डाग लागणार नाही अशा बेतानं सही केली.

"आता माणसात आलास," उस्मान म्हणाला.

गुरुवारी फाइलमध्ये तेहतीस कागद झाले. एक जास्तीच. त्या दुपारी सुट्टी होती. उस्मान किराणा दुकानाबाहेरच्या कार्डफोनवर गेला आणि घरी फोन लावला. वकिलाला प्रत्येक घरातून एक साक्षीदार हवा होता. मुकादमांच्या घरातून सफियानं उभं राहावं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

बायकोला त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. कोण कसा पळत होता, कुणाला कसं धरलं. सफिया हूं हूं करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमचाही कागद दिलात?"

"सगळ्यात पहिला."

कार्डातले पैसे उतरताना फोनच्या डब्यावर दिसत होते.

"सफिया?"

"तुमचं मत आपल्या नूरैननं टाकलंय."

"काय?"

"रईसाबाईंची माणसं आली होती. दुपारी कळलं, मजीदनं गल्फवाल्यांची नावं एकेक करून उरकायला घेतलीत. मग आपल्या बाजूचे तरी का सोडायचे, म्हणाले. नूरैनला घेऊन गेले. रईसाबाईंनाच दिलंय हो त्यानं. तुम्ही इथे असता तर त्यांनाच दिलं असतं ना?"

उस्माननं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रईसाबाईंना ठाऊक आहे?"

"देव जाणे. त्यांना कोण सांगणार?"

मग पलीकडे झटापट झाली आणि नूरैनचा आवाज आला. तो बारावीला होता. अजून मतदारयादीत त्याचं स्वतःचं नावही नव्हतं.

"अब्बा, कुणालाच संशय आला नाही," तो उत्साहानं म्हणाला. "सही अगदी तुमच्यासारखी केली. तो मधला फराटा पण तसाच. बोटाची शाई अजून गेली नाही बघा."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाय. अब्बा, पासपोर्टचे फोटो काढले मी. फॉर्म आणू ना?"

उस्माननं फोन ठेवला. दुकानाच्या सावलीत एक रिकामा क्रेट होता, त्यावर तो बसला. दुकानदारानं चहा हवा का विचारलं, त्यावर त्यानं मान हलवली. हो की नाही, ते दुकानदाराला समजलं नाही. त्यानं चहा आणून ठेवला. तो थंड झाला.

शुक्रवारी सकाळी खोलीत कुणी नसताना उस्माननं फाइल उघडली. सगळ्यात वरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. मग बाकीचे मोजले. बत्तीस. फरक एकतीसचा; पुरेसे होते. त्यानं फाइल बंद केली, पुन्हा उघडली, खालून तिसरा कागद ओढून काढला आणि यासिरच्या खोलीवर गेला.

यासिर शर्टाला इस्त्री करत होता.

"हे घे," उस्मान म्हणाला. "झेरॉक्स काळी आलीय. चालायची नाही."

यासिरनं कागद हातात घेऊन उजेडात धरला. झेरॉक्स स्वच्छ होती. त्याचा फोटो, नाव, व्हिसाचा शिक्का, सगळं वाचता येत होतं.

"दुसरी काढून आणतो," तो म्हणाला.

"राहू दे. कशाला खोलात जायचं. धाकट्याचा विचार कर."

"केला ना." यासिरनं इस्त्री उभी ठेवली. "तुम्ही बोललात त्या दिवसापासून झोप नाय लागली मला. परवा घरी फोन केला. भावाला सगळं सांगितलं. रडला तो आधी. मग म्हणाला, केलंय तर केलंय, तू खरं लिहून दे, मी जाईन ठाण्यात." इस्त्रीची वायर काढत तो म्हणाला, "तुमचंच खरं होतं, उस्मानभाई."

यासिरनं कागद नीट सरळ केला आणि परत उस्मानच्या हातात दिला. "तशी काळी नाय वाटत. बघा, चालेल."

सीबच्या विमानतळावर जायला टॅक्सी आली तेव्हा चार वाजले होते. ओवेसनं सामान डिकीत टाकलं आणि बॉनेटवर फाइल ठेवून कागद मोजले. इतकी वर्षं उस्मानच्या हाताखाली राहून त्यालाही मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही सवय लागली होती.

"बत्तीस," तो म्हणाला. "तेहतीस होते ना?"

"बत्तीसच."

"नाय, काल तेहतीस होते." ओवेसनं पहिलं पान उलटून बघितलं. "सगळ्यात वर तुमचा होता."

यासिर सामानाला हात लावायला आला होता. तो डिकीपाशीच थांबला.

"माझी कॉपी काळी आली," उस्मान म्हणाला.

"मग दुसरी काढू," यासिर म्हणाला. "पलीकडच्या रस्त्यावर झेरॉक्सवाला उघडलाय. पाच मिनिटांत आणतो."

"बत्तीस लागतात, बत्तीस आहेत," उस्मान ओरडला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "विमान तुमच्यासाठी थांबणार आहे का? यल्ला, निघा!"

ओवेसनं फाइल बॅगेत कोंबली. यासिरनं डिकी बंद केली. टॅक्सी वळून गेली तरी तो तिथेच उभा होता, उस्मानकडे बघत. मग त्यानं नजर वळवली.

अर्ज मुदतीत दाखल झाला. तारखा पडत गेल्या. रईसाबाई दर वेळी फोन करून उस्मानचे आभार मानत, आणि उस्मान दर वेळी घाईत असे. दीड वर्षानं निवडणूक रद्द ठरली आणि वॉर्ड क्रमांक तीनमध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी बूथवर पोलीस बसले होते, आणि चारशे बारांपैकी दोनशे एकोणचाळीस मतं पडली. रईसाबाई नऊ मतांनी निवडून आल्या. त्या रात्री मोहल्ल्यात गोड वाटलं, असं सफियानं कळवलं.

ती बातमी आली त्या आठवड्यात मेसमध्ये उस्मान यासिरच्या समोर येऊन बसला. एवढ्या दिवसांत तो तिथे बसला नव्हता.

"तुझ्या भावाचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"केस चालू हाय. ठाण्यात चार वेळा बोलावलं. पासपोर्ट अडकला." यासिर तक्रार केल्यासारखं बोलत नव्हता, मासळीतला काटा बाजूला काढत सांगत होता. "चिपळूणला वेल्डिंग शिकतो आता. बरं चाललंय."

"सुटेल तो. लहान आहे," उस्मान म्हणाला.

यासिरनं मान हलवली. शेवटचा घास घेतला, पाणी प्यायला.

"नूरैनचा व्हिसा आला म्हणे," तो म्हणाला. "मुबारक."

आणि ताट उचलून तो धुवायला गेला.