उरलेली पेज

मथुरेच्या मुलाचं, मधूचं, दुसरं लग्न लागलं ते सत्तावन्न साल. त्या सालच्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी मथुरा मागीलदारी केळीच्या आडोशाला उभी राहून पेज पीत होती. एका हातात पितळी वाटी, दुसऱ्या हातात पदराचं टोक. वाटेवर कुणाची चाहूल लागली की पदर तोंडावर यायचा, चाहूल गेली की मागे जायचा. पेज अजून कोमट होती आणि तळाशी भाताचे दाणे भरपूर होते.

वाटी परत घ्यायला सून सरला शेजारीच उभी होती.

"तू पिलंस मा पोटभर?" मथुरेने विचारलं.

"पिलंय, आये. ही उरलली."

"रोज बरी उरता!"

सरला हसली आणि वाटी घासायला बसली. तिच्या लुगड्याला कुजवलेल्या सोडणांचा वास येत होता. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवायची, मऊ झाली की दांडक्याने बडवायची, काथ्या सुटला की त्याचं सुंभ वळायचं. हे काम वाडीतल्या बायका पूर्वीपासून आपापल्या मागीलदारी करत आणि व्यापारी हातावर ठेवील ते घेत. देवळापलीकडच्या अक्कांनी त्यांची सहकारी मंडळी केली आणि सगळ्यांना आपल्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या छपरात, आणून बसवलं. अक्का बालविधवा, बोलायला तिखट. आता सुंभ मंडळीच्या नावाने थेट बंदरावर जाई आणि पैसा बायकांच्याच हातात येई.

मांगराचा नियम एकच होता. सकाळी पेज पोटात गेल्याशिवाय दांडकं हातात मिळायचं नाही. बडवता बडवता एक बाई भोवळ येऊन पडली होती, तेव्हापासून अक्कांनी हा नियम लावला. प्रत्येकीने मूठभर तांदूळ आणायचे. चुली दोन, एक हिंदू बायकांची, एक रोझालिना आणि तिच्या ख्रिस्ती शेजारणींची. धूर मात्र एकाच छपराला लागायचा.

मथुरेच्या घरात जेवणाचा क्रम ठरलेला होता. दुपारी तिचा नवरा जयराम बाजारातलं दुकान बंद करून घरी येई. तो जेवला की मथुरा, मथुरा जेवली की सून. मधू मुंबईला नोकरीला, म्हणून तेवढी एक पंगत कमी. या घरात आल्यापासून मथुरा नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती. सरला मांगरातून आणते ती उरलेली पेज पिणं म्हणजे काही जेवणं नव्हे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. अलीकडे तिचे गुडघे हलके झाले होते. विहिरीवरून येताना वाटेत टेकावं लागत नव्हतं. शेजारची हौसाबाई तर एकदा म्हणालीसुद्धा, "मथुरे, म्हातारपणी रंग चढलो गो तुका!"

सरलाला पाचवा महिना होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी रोझालिना धापा टाकत अंगणात आली.

"मथुराबाय, बेगीन चला. तुमचा सरला पडला."

मांगरात सरलाला सोडणांच्या ढिगाला टेकवून बसवलं होतं. अक्कांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून धरली होती. ग्रामसेविकेने त्यांना तसं बघायला शिकवलं होतं. पापणीच्या आत लालीचा मागमूस नव्हता.

हा पांढरा रंग मथुरेच्या ओळखीचा होता. जानकी, मधूची पहिली बायको, शेवटचे महिने अशीच दिसायची. ती बाळंतपणात पोरासकट गेली. तेव्हा सगळे नशीब म्हणाले होते. मथुराही तेच म्हणाली होती.

"हिका घरात खावक घालतास काय नाय?" अक्कांनी विचारलं.

"घालतंय मा! हयसर पेज पिता, वर उरलली घराक हाडता."

अक्का आणि रोझालिना यांनी एकमेकींकडे बघितलं.

"उरलली?" रोझालिना म्हणाली. "हयसर पेज उरना नाय, बाय. बायलमाणसां टोप पुसून खातत. ता आपली वाटी न्हेता घराक. ‘सकाळची ओकारी येता, मगे घराक पितंय’ म्हणता. पोटुशी म्हणान आमी काय बोलाक नाय."

मथुरा पदराने ओठ पुसू लागली. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसत राहिली.

"गो सरला," शेवटी ती म्हणाली, "ह्या काय केलंस?"

सरलाने डोळे उघडले नाहीत. "तुमी उपाशी, आणि मिया आदी पिवू? माका कशी गिळतली, आये?"

"शाणी गाढवीण!" मथुरा म्हणाली, पण त्या शब्दांत जोर नव्हता.

सुनेला घरी नेऊन तिथे खायला घालावं, असं तिच्या मनात आलं. मग तिला स्वयंपाकघर दिसलं, जयरामचा पाट दिसला, आणि तिथे सरलाचा नंबर कितवा लागतो तेही दिसलं. ती तशीच उभी राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून सरलाशेजारी बसली.

"अक्का, दोन वाट्यो हाडा. आणि माका फुकटची नको. पिवन झाल्यार माका पण एक दांडका दिया."

पेज आली. सगळ्यांच्या देखत, पदर डोक्यावरच ठेवून, मथुरेने वाटी तोंडाला लावली. तिने वाटी अर्धी केली आणि सुनेकडे बघितलं. तेव्हा कुठे सरलाने आपली वाटी उचलली.

ती घरी पोचण्याआधी ही बातमी बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी जयराम पाटावर बसला तो ताटाकडे न बघताच.

"लोक म्हणतत, जयरामाची बायल घोवाच्या आदी जेवता."

"जेवतंय."

"आणि काथ्यो बडवतस?"

"बडवतंय."

"बायलांची सोसायटी! उद्या माका सुंभ वळूक बसवशात."

"बसा. दुकानात तरी हात रिकामेच आसत तुमचे."

जयरामने ताट लोटलं. पूर्वी असं झालं की मथुरा दोन्ही हातांनी ताट पुढे करी आणि चूक कुणाची असली तरी आपली म्हणे. आज तिचे खांदे इतके दुखत होते की ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली. बऱ्याच वेळाने भात कालवल्याचा आवाज आला. कुळथाची पिठी तोवर निवून गेली होती. तरी त्याने ती भातावर ओतून घेतली.

हळूहळू वाडीतल्या आणखी सासवा मांगरात येऊ लागल्या. कुणी सुनेच्या काळजीने, कुणी सून पैसे कुठे ठेवते ते बघायला. हौसाबाई पहिल्या दिवशी भांडून गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची वाटी घेऊन आली. पौषात बायकांनी ठरवलं की सुंभाच्या पैशातून दर बाळंतपणाला मालवणहून शिकलेली नर्स आणायची. वाडीतली सुईण नाळ कोयतीनेच कापायची, आणि कोयतीनंतर धनुर्वाताने गेलेल्या पोरांची आठवण बहुतेक घरांत होती. पुरुषांना विचारायचं का, असं एकीने म्हटलं. अक्का म्हणाल्या, "इचार गो. हो म्हणाले तर उत्तम. नाय म्हणाले तरी गाडी सांगललीच आसा."

सरला रोज मथुरेच्या शेजारी बसून पेज पीत होती. तिच्या पापणीत थोडी लाली आली. पोट मात्र महिन्यांच्या मानाने लहानच दिसत होतं. मथुरा ते बघायची आणि दांडकं जोरात हाणायची.

चैत्रात नर्स बैलगाडीतून आली. दिवसभर कळा देऊन संध्याकाळी सरला सुटली. रक्त फार गेलं नाही. मुलगी झाली. तिला हातावर घेतली तर हातावर काही आहे असं वाटत नव्हतं. रडलीही ती मांजराच्या पिलासारखी.

नर्स मागीलदारी हात धुवायला आली. मथुरा तांब्याने पाणी घालत होती.

"बाळंतीण ठीक आहे," नर्स म्हणाली. "पोर फारच अशक्त. सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहायची का हो ही?"

"होय," मथुरा म्हणाली.

नर्सचे हात धुऊन झाले, तरी मथुरा पाणी ओततच राहिली.

सरला जगली. पाऊस सरल्यावर दोघी पुन्हा मांगरात जाऊ लागल्या, आणि पुढे तिला दोन मुलगे झाले, ते वाढले. पहिली मुलगी अठ्ठावन्न सालच्या चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी, बारसं होण्याआधीच वारली.