कानातले सतरा किडे

"सतरा! मोजा, मोजा, पुरते सतरा!"

गंगारामबाबाने परातीवरचं मडकं उचललं आणि निर्मळ गावातल्या त्या केळीच्या वाडीत दीड-दोनशे माणसं पुढे झुकली. परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वेटोळं घातलेले किडे तरंगत होते. मिनिटभरापूर्वी हे किडे आमच्या शेजारच्या सरोजिनीवहिनींच्या डोक्यात राहत होते, असं बाबाचं म्हणणं. पपईच्या देठाची पोकळ नळी; एक टोक मडक्याच्या भोकात, दुसरं वहिनींच्या डाव्या कानात. मडक्याखाली धूर. धूर कानात शिरला, किडे गुदमरले आणि नळीतून घरंगळत पाण्यात पडले. इतकं सोपं. मेंदूचे डॉक्टर उगाच दहा-बारा वर्षं पुस्तकं घोकतात.

"अर्धशिशी मंजे काय?" बाबाने गर्दीला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "किडा! सूर्याबरोबर जागा होतो, सूर्याबरोबर निजतो. म्हनून दुखनं सकाळी चढतं, सांजेला उतरतं. डॉक्टर काय देतो? गोळी! आता किडा गोळी खातो का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मग कोन खातो?"

"आम्ही!"

"आनि डॉक्टर काय खातो, ते मी सांगत नाय." लोक हसले. बाबाने हात वर केला. "आता पथ्य. सूर्य बुडेपर्यंत मौन. एक शब्द तोंडातून निघाला, का त्याच वाटेनं किडा परत आत. मग माज्याकडं यायाचं नाय."

हे मौन म्हणजे त्या माणसाच्या अकलेची कमाल होती. अर्धशिशी आपली आपण उतरते. कुणाची दुपारी, कुणाची दोन दिवसांनी. जिचं थांबलं तिचा किडा गेला. जिचं थांबलं नाही ती नक्कीच बोलली असणार. संध्याकाळपर्यंत एकदाही तोंड न उघडणारा माणूस आणायचा कुठून? म्हणजे बाबा कधीच चुकत नव्हता, चुकायचे ते पेशंट.

दोन बायकांनी वहिनींना धरून केळींच्या सावलीत, मौनवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. चालताना त्यांचा उजवा पाय मागे राहत होता. "धूर चढलाय," एक बाई म्हणाली.

सरोजिनीवहिनी आणि मी नायगावला एकाच मजल्यावर राहतो. त्या पन्नाशीच्या. घरातच दुसरी-तिसरीच्या मुलांची शिकवणी घेतात. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे, आणि मधूनमधून पाठीत धपाटा. बोलणं इतकं, की लिफ्ट सातव्या मजल्यावर येईपर्यंत सगळ्या बिल्डिंगची खबरबात आपल्याला मिळालेली असे. वीस वर्षं त्यांना अर्धशिशी होती, आणि वीस वर्षं ती बिल्डिंगमध्ये चेष्टेचा विषय होती. पाहुणे यायचे ठरले की हिचं डोकं दुखतं, असं त्यांचे पती सुधाकरराव चारचौघांत सांगायचे. आज ते रांगेकडे बघून म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा गप्प बसलीय! बाबांना घरीच न्यायला पाहिजे."

सगळे हसले. मीही हसलो.

मी कोण, तर निवृत्त विज्ञानशिक्षक. सगळे मला रमेश सर म्हणतात. बाबाची लबाडी मला महिन्याभरापूर्वीच कळली होती आणि त्या रविवारी भर गर्दीत त्याचं पितळ उघडं पाडायचं मी ठरवलं होतं. एक बातमीदार कॅमेरा घेऊन अकरा वाजता येणार होता. भुईगावची रिटा, माझी जुनी विद्यार्थिनी, आता नर्स. डॉक्टरी प्रश्नांना उत्तरं द्यायला तिलाही बोलावलं होतं. सगळी तयारी चोख होती. फक्त ओळखीचा एक पेशंट हवा होता, ज्याच्याबद्दल कुणी 'हा तुमचाच माणूस' असं म्हणू शकणार नाही. सुधाकरराव बाबाचे भक्त. त्यांची बायको म्हणजे सोन्यासारखा पुरावा.

त्या दिवशी सकाळी सहाला वहिनींच्या हातातून चहाचा कप पडला. आवाज ऐकून मी त्यांच्या दारात गेलो. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"सर, आज वेगळं दुखतंय," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखं नाही हो. उजव्या हाताला मुंग्या आल्यात. कप कधी सुटला कळलंच नाही."

"तुझं रोजच वेगळं असतं," आतून सुधाकररावांचा आवाज आला. "आवर लवकर, नंबर जाईल."

"आई, डॉक्टरकडे जाऊया ना," त्यांची मुलगी अनुष्का म्हणाली.

"गेल्या वेळी स्कॅन काढला, काय निघालं? काही नाही! पुन्हा तेच करायचं?" सुधाकरराव म्हणाले.

मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात विज्ञान शिकलेला मी एकटाच होतो. अर्धशिशीत हाताला मुंग्या येतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. अर्धवट वाचलेलं माणसाला फार आत्मविश्वास देतं. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "येतात हो मुंग्या, वहिनी. घाबरू नका. आज तुम्ही वाडीत चलाच."

नऊ वाजता सतरा किडे निघाले, आणि बातमीदार यायचा होता म्हणून मी थांबलो. तो साडेअकराला आला. तोपर्यंत वहिनी अडीच तास सावलीत बसून होत्या. अनुष्का त्यांना पाणी द्यायला गेली, तर तिलाही लोकांनी हटकलं, "त्यांना बोलायला लावू नकोस." पाणी हनुवटीवरून खाली सांडलं. अनुष्काने ते त्यांच्याच पदराने पुसलं.

कॅमेरा सुरू झाल्याबरोबर मी पुढे झालो.

"बाबा, माझाही एक पेशंट आहे. फार जुनं दुखणं."

"आना, आना. बशवा इथं."

"तो बसत नाही. उभाच असतो." आणि मी बाबाच्या पांढऱ्या स्कूटरकडे बोट दाखवलं.

हशा पिकला. बाबा उठायला लागला, पण गर्दीतल्या पोरांनी तोवर नळी ओढून सायलेन्सरमध्ये खुपसली होती. परातीत पाणी होतं, मध्ये तापलेली वीट होती, विटेवर पुढच्या पेशंटसाठी बाबाच्याच हाताने तूप आणि चिमूटभर 'औषध' पडलेलं होतं. मी मडकं पालथं घातलं. तडतड आवाज आला. पाच मिनिटांनी मडकं उचललं.

तेवीस. स्कूटरच्या डोक्यात वहिनींपेक्षा सहा किडे जास्त होते.

मी बाबाच्या बटव्यातली चिमूट तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. "हे भुईरिंगणीचं बी. बांधावर उगवतं, काटेरी असतं, तुम्ही रोज ते चुकवून चालता. बी तापलं की तडकतं. आतला कोंब बाहेर उडतो. पांढरा, वाकडा. तो पाण्यात पडला की किडा! कान काय, सायलेन्सर काय, नळी भिंतीला लावली तरी किडे निघतील. चिमूट मोठी, तर किडे जास्त."

एक म्हातारा परातीत बोट घालून कोंब चिरडून बघत होता. "बीच हाय रे," तो पुटपुटला. बाबा घाम पुसत म्हणाला, "स्कूटर जुनी हाय, तिच्यात किडं असतीलच." यावर तर लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. आणि मला अजून हव्या होत्या.

"आणि आता वहिनींनाच विचारू," मी कॅमेरा तिकडे वळवायला लावला. "वहिनी, सांगा यांना, डोकं थांबलं का?"

वहिनी बोलल्या नाहीत. सगळे हसत होते, म्हणून त्याही हसल्या.

"सर, बाजूला व्हा." रिटाने मला अक्षरशः ढकललं. ती वहिनींसमोर उकिडवी बसली. "काकी, परत हसा. दोन्ही हात वर करा."

तोंड एकाच बाजूला गेलं. हातही एकच वर आला.

"नाव सांगा, काकी. तुमचं नाव."

"बोलू नका!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आणि स्कूटरमधले तेवीस किडे स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेले सुधाकरराव हात जोडून म्हणाले, "रिटा, प्लीज. सूर्यास्तापर्यंत थांबलं तर? रिस्क कशाला?"

वहिनींनी तोंड उघडलं. "बे," त्या म्हणाल्या. "बे... बे..."

"कधीपासून असं आहे?" रिटाने विचारलं. कुणालाच सांगता येईना. सकाळपासून सगळे त्यांच्या गप्प बसण्याचं कौतुक करत होते.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. सहा वाजता कप पडला, असं अनुष्काने सांगितलं. डॉक्टरांनी लगेच स्कॅन काढायला लावला. मग म्हणाले की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

"साडेदहापर्यंत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. होत्या कुठे या?"

सुधाकररावांनी माझ्याकडे पाहिलं.

याला आठ महिने झाले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी तक्रार दिली, केस चालू आहे, बाबा जामिनावर आहे. वाडीतली गर्दी ओसरली, पण संपली नाही. तिथे आता वहिनींचीच गोष्ट सांगतात: बाईचे किडे सगळे निघाले होते, पण त्या मास्तरने आणि नर्सने सूर्य बुडायच्या आत तिला बोलायला लावलं, म्हणून वाचा गेली. ऐकणारे मान डोलावतात.

वहिनींना पाढे तेवढे येतात. डॉक्टर म्हणतात असं होतं. घोकलेलं राहतं, बाकीचं जातं. तहान लागली की त्या "बे दुणे चार" म्हणतात. लेकीला हाक मारायची असली तरी "बे दुणे चार". शिकवणीची मुलं केव्हाच दुसरीकडे गेली. गेल्या आठवड्यात मी त्यांच्यासमोर बसून म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली, तोंड उघडलं, बराच वेळ शब्द शोधला. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्या बेच्या पाढ्याला सुरुवातीपासून लागल्या. वीसपर्यंत. मला शेवटपर्यंत बसावं लागलं.

म्हणून सांगतो. डोक्यात किडे नसतात, कुणाच्याच नाही. ते बी असतं. पण तेवढं कळून भागत नाही. मला ते कळलेलं होतं. नेहमी दुखणारा माणूस 'आज वेगळं दुखतंय' म्हणाला, तर तो खरं बोलतोय असं समजा. त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, नाव विचारा. काहीही वाकडं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. भोंदू कुठे पळून जात नाही, त्याला दुसऱ्या दिवशी पकडता येतं. आणि पहिल्यांदा घड्याळ बघा. मीही त्या सकाळी बघितलं होतं. बातमीदार यायला किती वेळ आहे, ते.