सेनापतीची जखम आणि भावोजींचा पाय

विजेचा दिवा चित्राजवळ सरकला तशी सभागृहातली कुजबुज थांबली. बंदरावरचे हमाल, क्रेनवाले, त्यांच्या बायका, इतकंच काय, बँकेतले साहेबसुद्धा माना उंचावून भिंतीवरच्या तैलचित्राकडे बघत होते. चित्र जुनं आणि भिंतभर मोठं. धुराने भरलेल्या जहाजावर आरमाराचा सेनापती छातीत गोळी लागून कोसळला आहे, खलाशी त्याला सावरताहेत, आणि जहाजावरचा वैद्य फडकं घेऊन जखमेवर वाकला आहे. त्या जखमेतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लाल थेंब फुटला आणि ओघळत खाली आला.

"सेनापती अजून ड्युटीवर आहे, बाळांनो," कप्तानबाबा म्हणाला. हा गृहस्थ परवापरवापर्यंत बंदरावरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसून माशा मारायचा. आता पितळी बटणांचा पांढरा कोट चढवून तो समुद्राच्या वतीने बोलायचा. "गोळ्या-इंजेक्शनं किनाऱ्यावरच्या लोकांना. आपण दर्याची लेकरं. आपली जखम हेच रक्त भरून काढणार." बोलता बोलता तो कापसाच्या बोळ्यांनी थेंब टिपत होता आणि बोळे वाटत होता.

मागे उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चित्रातून रक्त येवो नाहीतर दूध, त्यांना काही पडलेलं नव्हतं. पण त्यांची सख्खी थोरली बहीण पुढच्या रांगेत बोळ्यासाठी हात पसरून उभी होती. भावोजी जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, साखरेचा आजार, पायाला जखम. ताईने त्यांचं इन्सुलिन बंद केलं होतं, पट्टी सोडली होती आणि जखमेवर हे बोळे चोळत होती. आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तो पाय पाहिला. करंगळी काळी पडली होती आणि खोलीत वास सुटला होता.

"अगं, जखमेला खपली धरतेय," ताई कौतुकाने म्हणाली होती.

"ताई, ती खपली नाही. पाय सडतोय."

"तू शिकलीस ना, म्हणून तुझा विश्वास नाही."

त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरीणबाई ताईकडचा एक बोळा उचलून दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. बोळ्यावरचं रक्त घट्ट झालं होतं, पण काळपट पडलं नव्हतं. लालभडक तसंच. बोळा उकळत्या पाण्याच्या भांड्याशेजारी राहिला आणि थोड्याच वेळात ते रक्त वितळून ट्रेमध्ये ओघळलं. गोठलेलं रक्त शेकलं म्हणून पुन्हा पातळ होत नाही, हे डॉक्टरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. मेण मात्र होतं.

आता त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं.

"बाई, सेनापतीच्या डोळ्यांपुढे अंधार होतो," कप्तानबाबा गडबडीने म्हणाला.

"होऊ दे. मेला आहे तो. तुम्ही प्रार्थना चालू ठेवा."

प्रार्थना चालू राहिली. बाबाचा आवाज चढत गेला, कपाळावर घाम आला. जखमेखालचा थेंब जिथे होता तिथेच थिजला.

"अविश्वासी माणसासमोर रक्त येत नाही," बाबा म्हणाला.

"मग लाकडाला विचारू, ते तरी विश्वास ठेवतंय का." डॉक्टरीणबाईंनी पर्समधला बोळा काढून चित्राच्या चौकटीवर चोळला, दिवा लावला आणि चौकटीजवळ नेला. जरा वेळाने लाकडावरून लाल थेंब सरळ खाली ओघळला.

"लाकडालाही गोळी लागली वाटतं," मागून एक हमाल म्हणाला. कोणी हसलं नाही.

"लाल रंग घातलेलं मेण आहे हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गार असलं की रंगासारखं चिकटून बसतं, दिव्याने तापलं की वितळतं. हे लोकांच्या उघड्या जखमांवर चोळायला दिलंय या माणसाने."

कप्तानबाबा दाराकडे सरकला, पण दारात क्रेनवाले उभे होते. पोलीस येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

ताई हातातल्या बोळ्याकडे बघत होती. "मग ह्यांचा पाय?" तिने विचारलं.

"आत्ताच्या आत्ता चल. निदान गुडघा वाचवू."

जाता जाता डॉक्टरीणबाई थांबल्या आणि लोकांकडे वळल्या. "एवढे दिवस हे चित्र बघताय ना? मग नीट बघा. यातले सगळे खलाशी आभाळाकडे बघताहेत. जखमेकडे बघणारा एकच आहे, तो वैद्य. तुमच्या घरात कोणी आजारी पडलं तर आभाळाकडे बघणाऱ्याला बोलवू नका. जखमेकडे बघणाऱ्याला बोलवा, त्याला प्रश्न विचारा, आणि उत्तर पटलं तरच ऐका. माझंसुद्धा."

भावोजींचं पाऊल कापावं लागलं. गुडघा राहिला. ताई आता रोज सकाळी हात धुऊन स्वतः पट्टी बदलते. परवा शेजारीण कुठल्याशा अंगाऱ्याची पुडी घेऊन दारात आली. ताईने ती हातात घेतली नाही. तिने शेजारणीला आत बोलावलं, भावोजींच्या पायावरची चादर बाजूला केली आणि म्हणाली, "आधी हे बघ."