साहेबांच्या रुमालाचा बळी

मी पत्रा बोलतोय. पत्र्याला तोंड कुठून फुटलं, असं विचारू नका. ज्यांना ते जन्मतःच मिळालं आहे त्यांनी त्याचं काय केलं, तेवढं ऐका.

पंज्याएवढा माझा जीव. प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझ्यावर लेप चढवला. आमच्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यात विजेच्या तारांवर बर्फ साचतो आणि वीज कंपनीत वायरमन असलेला बाईंचा थोरला भाऊ खांबावर चढून तो काठीने झोडपत असतो. गेल्या हिवाळ्यात तो घसरला. कमरेच्या पट्ट्याने तारला. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास : बर्फ चिकटूच नये असा लेप.

आणि जमला की! दिसायला मी मळकट, पण अंगभर इतका बारीक खडबडीतपणा, की थेंबाला बूड टेकायला जागा मिळू नये. गोठायच्या आतच बापडा घरंगळतो. शीतपेटीत शेजारचे पत्रे बर्फाखाली गाडले जात, मी कोरडा ठणठणीत.

मग आमचे साहेब. त्यांच्या खिशात एक रुमाल असतो. त्याचा मूळ रंग त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. त्यातच ते शिंकतात, त्यानेच मान पुसतात, चष्माही पुसतात. वीज कंपनीचे पाहुणे चाचणी बघायला आले, त्या सकाळी त्यांनी मला उचललं, ‘हाऽऽ’ करून तोंडाची वाफ सोडली (वाफेत आदल्या दिवशीचा लसूण होता) आणि घासायला लागले.

“सर, पुसू नका! लेप जाईल!” बाई धावल्या.

“अहो, पाहुण्यांपुढे असा पारोसा ठेवायचा? बघा, कसा लखलखतोय!”

लखलखलो खरा. कातडं सोलल्यावर दुसरं काय होणार?

शीतपेटीत बर्फ मला असा बिलगला, जणू उधारी मागायला आलेला मेहुणा. पाहुणे हसले. “बाई, हा बर्फ जमवायचा लेप का?”

“रुमालाने घासल्यामुळे...”

“आता रुमालावर ढकला!” साहेब म्हणाले, आणि त्याच रुमालात शिंकले.

संध्याकाळी भाऊ बहिणीला न्यायला आला. “दादा, आणखी एक पत्रा केलाय,” बाई म्हणाल्या. “खांबावर अगदी वर बांध. कुणाचा हात पोचता कामा नये.”

“अगं, तिथे माझ्याशिवाय चढणारा वेडा आहे कोण?”

पहिल्याच हिमवादळानंतर त्याचा फोन आला. “खांब पांढरा, तारा पांढऱ्या, माझ्या मिशा पांढऱ्या. तुझा पत्रा तेवढा उघडा!”

बाईंनी डोळे पुसले. साहेबांनी टेबलावर थाप मारली. “मी म्हणतच होतो! बोलवा पाहुण्यांना. पत्रा उतरवून आणा, जरा स्वच्छ करून ठेवतो.”

“पाहुण्यांनाच खांबाखाली नेऊ, सर,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण साहेबांचा हात खिशातच राहिला. “पत्रा उतरणार नाही.”

पाहुणे मान वर करून बघून आले. आता तारांना लेप लागतोय, आणि दादाची काठी कोपऱ्यात उभी आहे.

मी साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली. रोज सकाळी वाफ, लसूण, रुमाल. धाकट्या, तू वरच राहा रे. वारा झोंबेल, बोचेल; पण तिथली हवा तरी स्वच्छ आहे.