चौथा तास

"सही करा ना बाई. एवढं काय त्यात?" मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला.

बाईंनी कागद परत सरकवला. आठ तासांचे आठ रकाने. काल त्यांनी हाताने भरलेला कागद गायब होता आणि हा नवा, टाइप केलेला, समोर आला होता. चौथ्या तासापुढे लिहिलं होतं, ‘मऊ, उबदार, लाकडी.’

"मी असं लिहिलं नव्हतं."

"मग काय लिहिलं होतं?"

"जळक्या रबराचा वास येतो, असं लिहिलं होतं. वाचलंत की तुम्ही."

सेंटच्या त्या कारखान्यात बाई बावीस वर्षं एकच काम करत होत्या. नवा सेंट सकाळी डाव्या मनगटावर लावायचा आणि दर तासाला हुंगून लिहायचं. हा आयरिस नावाच्या फुलझाडाचा होता. पहिली दहा मिनिटं मिऱ्यासारखा नाकाला झोंबायचा. मग आयरिसच्या मुळाचा वास वर यायचा; थंड, पावडरीसारखा, सोललेल्या कच्च्या गाजराची आठवण करून देणारा. दोन तासांनी तो खाली बसायचा आणि देवदार सुरू व्हायचा, नुकतंच टोक केलेल्या शिसपेन्सिलीसारखा. इथवर सेंट देखणा होता. पण मॅनेजरने देवदाराचं तेल कमी करून कसलंसं स्वस्त रसायन घातलं होतं, आणि चौथ्या तासाला ते उघडं पडत होतं.

"गिऱ्हाईक दुकानात दहा मिनिटं थांबतं," मॅनेजर म्हणाला. "चार तास कोण हुंगत बसतंय?"

"जी लावून कामाला जाते ती. आणि तिच्या शेजारी बसते ती."

त्याने सुस्कारा सोडला. "राग मानू नका, पण वय झालं की कातडी बदलते. दोष सेंटमध्ये नसेलही. तुमच्या हातात असेल."

बाईंची कानशिलं तापली.

या हाताला बावीस वर्षं वासाचा साबण लागला नव्हता. क्रीम नाही, कांदा-लसूण नाही. पोरगी तान्ही असताना त्यांनी तिला एका हाताने न्हाऊ घातलं होतं. दुसरा हात पाठीमागे, काहीतरी चोरल्यासारखा. नवरा म्हणायचा, "उजवा माझा, डावा कंपनीचा." तेव्हा त्या हसायच्या. आज त्यांना त्या हसण्याचाही संताप आला.

त्यांनी बाटली उचलली, मॅनेजरचं मनगट धरलं आणि बटण दाबलं.

"अहो, काय करताय!"

तो हात झटकेपर्यंत काम झालं होतं. बाई तशाच तरातरा बाहेर पडल्या. टायपिस्ट, स्टोअरकीपर, झाडणाऱ्या मावशी, फाटकावरचा वॉचमन, एकेकाच्या मनगटावर सेंट मारत गेल्या. घड्याळात दहा वाजले होते.

दोन वाजता मोठे साहेब आले. बाईंनी सगळ्यांना त्यांच्या केबिनमध्ये नेऊन उभं केलं.

"हुंगा, साहेब."

"हे काय चाललंय?"

"आधी हुंगा. मग हवं तर मला काढून टाका."

साहेब टायपिस्टच्या हातावर वाकले आणि झटकन मागे झाले. मावशी आपणहून म्हणाल्या, "टायर जाळल्यासारखं येतंय, साहेब. घास उतरला नाही घशाखाली." मॅनेजरने मनगट दोनदा धुतलं होतं, तरी साबणाखालून रबर येतच होतं.

"माल थांबवा," साहेब म्हणाले. "देवदार होता तेवढा घाला."

बाईंनी श्वास सोडला.

साहेब मॅनेजरकडे बघूनच पुढे बोलले, "पण ही पद्धत चांगली आहे. यापुढे असंच चार-पाच जणांवर बघत जा. एकाच हातावर कशाला विसंबायचं? बाईंना पॅकिंगला घ्या."

मॅनेजरने ते लगेच टिपून घेतलं.

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. बाईंचा हात त्याच्यापर्यंत गेला, थांबला. "बावीस वर्षं, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला म्हणून त्यांना स्वतःचीच चीड आली. साहेब फोन फिरवत होते.

त्या पॅकिंगला गेल्या नाहीत. आपल्या खुर्चीवर सहापर्यंत ताठ बसून राहिल्या. कुणी उठवायला आलं नाही.

फाटकाशी वॉचमनने मनगट पुढे केलं. "बाई, आता बरा येतोय की हो."

राग उतरला नव्हता, तरी त्याचा हात धरून त्या वाकल्या. रबर विरलं होतं. तळाशी आयरिसचं मूळ राहिलं होतं, कोरडं, थंड, जेमतेम.

"रात्री धुऊ नका," त्या म्हणाल्या. "सकाळी परत बघा. काय येतंय ते लिहून ठेवा."

"लिहून कुणाला द्यायचं?"

बाईंनी त्याचा हात अजून धरलेलाच होता. तो त्यांनी सोडला आणि त्या रस्त्याला लागल्या.